भूल

रात्रीचे दीड वाजले असतील. पहिलटकरीण होती, तेवीस-चोवीस वर्षांची. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, म्हणून घाईनं सिझेरिअन ठरलं. मी कमरेत इंजेक्शन दिलं. पाय जड झाले. पोटाला चिमटा काढून विचारलं, तर काही कळत नाही म्हणाली. डॉक्टरांनी सुरी लावली आणि ती किंचाळली. भूल एका बाजूला चढलीच नव्हती.

साडेदहाला पोटभर जेवून आलेली. पूर्ण भूल द्यायची तर उलटी छातीत उतरण्याची धास्ती. मी सिरिंजमध्ये केटामिन, शिरेतून द्यायचं भुलीचं औषध, भरायला घेतलं. तेवढ्यात तिच्या डोक्याशी उभ्या असलेल्या मावशींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "हिकडं बघ. माझ्याकडं बघ गं. गाव कुठलं तुझं? हीर हाय का गावात? पायऱ्या हाईत का हिरीला? चल, उतरूया आपण. मोज माझ्यासंगट. एक... दोन... खाली गार लागतंय बघ."

ती मोजायला लागली. तिची नजर मावशींच्या डोळ्यांत रुतून बसली. एकशे चाळीसवर गेलेली नाडी बघता बघता शंभरावर आली. बाराव्या की तेराव्या पायरीवर बाळ रडलं. सिरिंज माझ्या हातात तशीच भरलेली होती.

भूल उशिरा चढली असेल. असं होतं, आणि माझ्यातली डॉक्टर आजही तेच म्हणेल. पण मी तिथं होते. ती पोरगी ज्या क्षणी विहिरीत उतरली, तो क्षण मी पाहिला आहे. पहाटे भुलीचा कागद भरताना औषधाचं नाव, मात्रा, वेळ, नाडी, रक्तदाब सगळं लिहिलं. दीड ते पावणेदोन या पंधरा मिनिटांत जे घडलं त्याला त्या कागदावर रकाना नव्हता.

आपल्या भाषेनं माझ्या धंद्याला दिलेला शब्द मला फार खोल वाटतो. भूल देतात, भूल पडते, रानात वाट चुकली की रानभूल लागते, हिशेबात भूलचूक होते, आणि एखाद्याच्या बोलण्याला माणूस भुलतो. बधिर होणं, मोहून जाणं, विसरणं आणि चुकणं, चारही एकाच मुळाशी बांधलेलं. ज्या माणसाबद्दल आज लिहायचं आहे, त्याचं सगळं आयुष्य या चार अर्थांच्या मधल्या जागेत गेलं. त्याला मराठीतला एक शब्दही येत नव्हता, तरी.

लेऑन शेर्टोक, आयुष्यभर संमोहनाचा पाठपुरावा करणारा फ्रान्समधला मनोविकारतज्ज्ञ. जन्म १९११, गाव लिडा. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, मग पोलंडमध्ये गेलं, आज बेलारूसमध्ये आहे. ज्यू घरातला मुलगा. डॉक्टरकी प्रागमध्ये शिकला आणि १९३९ मध्ये फ्रान्सला पोचला. मे १९४२ मध्ये लिडातल्या हजारो ज्यूंना नाझींनी गावाबाहेर नेऊन मारलं. त्या वेळी शेर्टोक पॅरिसमध्ये भूमिगत होते, परदेशी ज्यू कामगारांच्या प्रतिकार चळवळीत, खोट्या नावानं.

त्या काळातली एक गोष्ट मी वाचली आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. पॅरिसमध्ये ज्यू मुलांची काही वसतिगृहं होती. आईबाप छावण्यांकडे पाठवले गेलेले, आणि मुलांचा नंबर कधी लागेल याचा नेम नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये काही बायका तिथं गेल्या, मुलांना फिरायला नेतो म्हणाल्या, आणि साठेक मुलं परत आलीच नाहीत. एका प्रोटेस्टंट पाद्र्याच्या, पॉल व्हेर्गारा यांच्या केंद्रात ती जमली आणि तिथून खेड्यापाड्यांत, अनोळखी घरांत पसरली. हे घडवून आणणाऱ्या जाळ्यात शेर्टोक होते, सुझान स्पाक होत्या. स्पाकबाईंना पुढं पकडलं आणि ऑगस्ट १९४४ मध्ये, पॅरिस मुक्त व्हायला थोडेच दिवस उरले असताना, मारून टाकलं.

अनोळखी बाईचा हात धरून दाराबाहेर पडणाऱ्या त्या मुलांचा विचार माझ्या मनातून जात नाही. कुणाच्या तरी आवाजावर विश्वास टाकून चालू लागणं म्हणजे काय, हे शेर्टोक यांनी दवाखान्याच्या आधी रस्त्यावर पाहिलं होतं. हा धागा त्यांनी स्वतः असा जोडला होता का, यावर माझा दावा नाही. मी जोडते आहे.

युद्धानंतर ते मनोविकारतज्ज्ञ झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या विल्झ्विफच्या इस्पितळात त्यांच्यासमोर एक बाई आली, जिच्या आयुष्यातली मागची कित्येक वर्षं पुसली गेली होती. ती जुन्याच काळात जगत होती. संमोहनाचा शेर्टोक यांना फारसा अनुभव नव्हता. त्यांनी करून पाहिलं, आणि तिची हरवलेली वर्षं परत आली. दुसरा कुणी असता तर हे यश म्हणून मिरवलं असतं. शेर्टोक यांना त्यातून एक प्रश्न लागला, आणि तो पुढची चाळीस वर्षं सुटला नाही: मी नेमकं केलं काय?

त्या वेळच्या पॅरिसमध्ये हा प्रश्न विचारणं सोपं नव्हतं. फ्रॉइड यांनी सुरू केलेल्या मनोविश्लेषणाचे दिवस भरात होते. शेर्टोक स्वतः त्याच वाटेवरचे होते, खुद्द झाक लकां या नावाजलेल्या विश्लेषकाच्या कोचावर पडून त्यांनी आपलं विश्लेषण करून घेतलं होतं. आणि मनोविश्लेषण हे तर संमोहन टाकून देऊनच उभं राहिलं होतं. आपण जी गोष्ट सोडून मोठे झालो, तिच्याकडे बोट दाखवणारा माणूस कुठल्याच घरात आवडत नाही. मंडळींनी त्यांना कधी पुरतं आपलं म्हटलं नाही. शेवटी आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं ते 'एका पाखंड्याच्या आठवणी' अशा अर्थाचं.

इथं मला पणजीला जावं लागेल. शेर्टोक यांच्यापर्यंत मी तिथूनच पोचले. जुन्या सचिवालयाशेजारी संमोहन करणारे गोवेकर पाद्री आबे फारिया यांचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ मध्ये उभारलेला. पाद्री वाकून हात पसरून उभा आणि समोर एक बाई कलंडते आहे. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा माणूस लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची वाचा बसली, तेव्हा बापानं कोकणीत कुजबुजून सांगितलं, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी!' आणि मग शब्द ओघानं आले. गोव्यात ही गोष्ट पोराटोरांना पाठ असते. दंतकथा असेल. पण पुढं आयुष्यभर दुसऱ्याला एका शब्दावर निजवणाऱ्या माणसाची सुरुवात कुणाच्या तरी एका वाक्यानं मोकळं होण्यापासून झाली, असं गोव्यानं मानलं, हे मला फार बरोबर वाटतं.

फारियाच्या आधी मेस्मर नावाचा डॉक्टर होऊन गेला. मेस्मर म्हणे, माझ्या शरीरातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि रोग्याला बरं करतो. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्राचा पाया घालणारा लाव्हाझिए होता. फ्रँकलिन यांच्या पासीच्या बागेत एका झाडावर तो 'द्रव' सोडला आणि एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून झाडाझाडाशी नेलं. तो भलत्याच झाडाशी बेशुद्ध पडला. समितीनं निकाल दिला: द्रव नाही, हा सगळा कल्पनाशक्तीचा खेळ. चौकशी चोख होती, आजही विद्यार्थ्यांना शिकवावी अशी. पण शेर्टोक दोनशे वर्षांनी बोट ठेवतात ते पुढच्या ओळीवर. मुलगा बेशुद्ध तर पडला ना? नुसत्या कल्पनेनं माणूस कोसळतो, तर ही कल्पना म्हणजे काय चीज आहे? समितीला तो प्रश्न आपला वाटलाच नाही. त्याच वेळच्या दुसऱ्या एका समितीत झ्युसिए नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी सही करायला नकार दिला, आपला वेगळा अहवाल लिहिला आणि काही गोष्टी उलगडत नाहीत असं नोंदवलं. शेर्टोक यांचं मन मला या झ्युसिएच्या जातीचं वाटतं.

फारियानं १८१३ पासून पॅरिसमध्ये प्रयोग दाखवले. द्रव वगैरे काही नाही, झोप येते ती निजणाऱ्याच्या आतून, असं तो म्हणाला. त्या काळात त्याची थट्टा झाली, आणि १८१९ मध्ये तो गरिबीत गेला. इतिहास लिहिताना शेर्टोक यांनी या सगळ्या टाकलेल्या माणसांना परत बोलावलं. रेमों द सोस्यूर यांच्याबरोबर १९७३ मध्ये त्यांनी मेस्मरपासून फ्रॉइडपर्यंतचा प्रवास मांडला. मी तो इंग्रजी भाषांतरात वाचला, रात्रपाळीच्या खोलीत.

त्यात सगळ्यात जास्त थांबले ती फ्रॉइडच्या एका प्रसंगापाशी. फ्रॉइड तरुणपणी संमोहन करत. १८८९ मध्ये ते संमोहनानं उपचार करणाऱ्या बर्नहाइमचं काम बघायला फ्रान्समधल्या नॅन्सीलाही जाऊन आले होते. एकदा एक रुग्ण, जिच्या वेदना संमोहनानं फार छान ओसरत होत्या, ती जागी होताना त्यांच्या गळ्यात पडली. तेवढ्यात नोकर आत आला आणि पुढचं अवघड बोलणं टळलं. फ्रॉइड यांनी १९२५ मध्ये स्वतःच हे लिहिलंय. हे आपल्या व्यक्तिगत आकर्षणामुळे झालं असं मानण्याइतका मी गर्विष्ठ नव्हतो, अशा अर्थाचं ते म्हणतात, आणि संमोहनामागचं गूढ आपल्या ध्यानात आलं असंही.

शेर्टोक यांनी १९६८ मध्ये या प्रसंगावर लिहिलं. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: गळ्यात पडलेल्या बाईला फ्रॉइड मनात म्हणाले, तू मला मिठी मारलीच नाहीस, माझ्या जागी दुसरं कुणीतरी आहे, तुझा बाप असेल, लहानपणचं कुणी असेल. हीच पुढं भावसंक्रमणाची कल्पना झाली. ती कल्पना मोठीच आहे, तिच्यामुळे डॉक्टर न घाबरता खुर्चीत बसून राहू शकला, ऐकू शकला, विचार करू शकला. पण ती ढालही होती. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये एक तिसरा माणूस आणून उभा केला, आणि त्या खोलीत त्या दोघांमध्ये खरोखर काय चाललं होतं ते त्याच्या पाठीमागे झाकलं गेलं. संमोहन सोडलं त्याला तांत्रिक कारणं होती: सगळ्यांना लागू पडत नाही, गुण टिकत नाही. पण भीतीही होती.

मी भूलतज्ज्ञ आहे, मनाची डॉक्टर नाही. तरी हे वाचताना मला माझा मास्क आठवला, हिरवा पडदा आठवला, ड्रिपच्या नळीकडे वळवलेली माझी मान आठवली. रुग्ण हात पुढं करते, आणि मी शीर शोधायला तो हात धरते. तिला तो शिरेसाठीच धरलाय हे कळत नाही. ती माझी बोटं घट्ट पकडते. कित्येक वर्षं मी ती हळूच सोडवून घेत आले.

फ्रॉइडवर शेर्टोक यांचा राग नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. १९१८ मध्ये बुडापेस्टच्या भाषणात फ्रॉइड यांनीच म्हणून ठेवलं होतं की पुढंमागं गोरगरिबांपर्यंत पोचायचं तर विश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात संमोहनातल्या सूचनेचं तांबं मिसळावं लागेल. शेर्टोक तांब्याच्या बाजूनं बोलत राहिले. संमोहन ही जाग, झोप आणि स्वप्न यांच्या जोडीची शरीराची चौथी अवस्था आहे, असं ते मांडत. ती भाषेच्या आधीची, अंगावर पिणाऱ्या बाळाला आईशी बांधणाऱ्या गोष्टीच्या जवळची. इथं मी त्यांच्याबरोबर पूर्ण जात नाही. झोपेची जशी मेंदूच्या आलेखात स्पष्ट खूण दिसते तशी संमोहनाची त्यांच्या हयातीत दिसली नाही, जागेपणाचाच आलेख येत राहिला. 'चौथी अवस्था' हे उत्तर म्हणून पुरत नाही, नाव म्हणून चालतं. मला वाटतं त्यांनाही ते ठाऊक होतं. मनाच्या वैद्यांच्या अज्ञानावर त्यांनी १९७९ मध्ये एक आख्खं पुस्तकच लिहिलं.

त्यांचं बाळंतपणावरचं काम मात्र माझ्या अगदी अंगणातलं. सोव्हिएत रशियात वेल्व्होव्हस्की वगैरेंनी वेदनारहित प्रसूतीची पद्धत बसवली होती. फ्रेंच डॉक्टर फेर्नां लामाझ ती १९५१ मध्ये पाहून आले आणि पॅरिसच्या कामगारांच्या प्रसूतिगृहात त्यांनी ती सुरू केली. श्वास, शिकवणी, आधार. आज पुण्या-मुंबईत गरोदर बायका ज्या लामाझ वर्गांना जातात ते याच माणसाच्या नावाचे. पद्धतीचे पुरस्कर्ते सांगत की हे पाव्हलॉव्हचं, सवयीनं शरीराचे प्रतिसाद घडवण्याचं शास्त्र आहे, संमोहनाशी याचा संबंध नाही. १९५७ मध्ये शेर्टोक यांनी या पद्धतींचा इतिहास लिहून दाखवून दिलं की तिचं मूळ संमोहनातच आहे. नाव पुसलं म्हणून नातं पुसलं जात नाही. मावशींची विहीर मला या पुस्तकाच्या बातमीतून पहिल्यांदा नीट दिसली.

आणि मग वेदनेचा प्रयोग. हा मी कुणाला सांगितल्याशिवाय राहूच शकत नाही. औषध न देता, फक्त संमोहनाखाली, काही रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली. रुग्ण शांत, तक्रार नाही. नंतर शेर्टोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना पुन्हा संमोहित करून ती शस्त्रक्रिया परत जगायला लावली. तेव्हा त्यांनी बारीकसारीक तपशील सांगितले, आणि दुखल्याचंही सांगितलं. १९७७ मध्ये हे छापून आलं. म्हणजे वेदना आत पोचली होती. कुठंतरी तिची नोंदही झाली होती. फक्त ती त्या माणसाला गाठू शकली नव्हती.

आमच्या शास्त्राचा जन्म आठवा. १८४५ मध्ये जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर बंगालमध्ये हुगळीला मेस्मरच्या पद्धतीनं कैद्यांवर आणि गोरगरीब रोग्यांवर शस्त्रक्रिया करत होता, मोठमोठ्या गाठी काढत होता. १८४६ मध्ये कलकत्त्यात त्याला त्यासाठी स्वतंत्र इस्पितळही मिळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आलं, आणि एस्डेलची विद्या मागे पडली. तेच योग्य झालं. ईथर कुणाच्याही हातून, कुणावरही चालतं. त्याला विश्वास लागत नाही. माझी सगळी रोजीरोटी या एका गुणावर उभी आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. फक्त त्या दिवसापासून आम्ही दुसरी अर्धी बाजू शिकवणंच सोडून दिलं. एमडीच्या तीन वर्षांत मला औषधांची साखळी तोंडपाठ करून घेतली. रुग्णाशी काय बोलायचं, यावर एकही तास झाला नाही.

शेर्टोक म्हातारपणीही थांबले नाहीत. १९७९ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीला 'अबोध मना'वर परिषद भरली, तीही अशा देशात जिथं फ्रॉइडचं नाव घेणं कित्येक वर्षं अडचणीचं होतं. ती भरवण्यात त्यांचा वाटा होता. पुढं इझाबेल स्टेंगेर्स या बेल्जियन तत्त्वज्ञ बाईंबरोबर त्यांनी पुन्हा लाव्हाझिएच्या समितीकडे जाऊन सगळा हिशेब नव्यानं मांडला. विज्ञानानं वारंवार संमोहनाला दाराबाहेर काढलं आणि ते प्रत्येक वेळी मागच्या दारानं का परत येतं, हा त्या पुस्तकाचा विषय. फ्रॉइड म्हणत की माणसाच्या अहंकाराला तीन जखमा झाल्या, कोपर्निकसची, डार्विनची आणि मनोविश्लेषणाची. शेर्टोक आणि स्टेंगेर्स यांनी संमोहनालाही अशी जखम म्हटलं. इथं दुखावला जातो तो उपचार करणाराच. आपल्या हातून गुण येतो आणि तो का येतो हे आपल्याला सांगता येत नाही.

१९९१ मध्ये ते गेले. दुसऱ्याच वर्षापासून बेल्जियममध्ये लिएजच्या विद्यापीठ इस्पितळात मारी-एलिझाबेथ फेमोनव्हिल या भूलतज्ज्ञ बाईंनी संमोहन आणि थोडंसं औषध असं जोडून शस्त्रक्रियांना सुरुवात केली. तिथं हजारो शस्त्रक्रिया अशा झाल्या आहेत. शेर्टोक यांना हे बघायला मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. रंगमंचावर माणसांना कोंबडा करून आरवायला लावणाऱ्यांच्या आणि 'सात दिवसांत व्यसनमुक्ती' छापणाऱ्यांच्या हाती हा विषय आपल्याकडे पडून राहिला, याचं मला वाईट वाटतं. संमोहनात आठवलेलं सगळं खरं असतं असं समजून कुटुंबं उद्ध्वस्त झाल्याचीही उदाहरणं जगात आहेत. म्हणून तर तो जबाबदार माणसांनी हाती घ्यायला हवा.

मावशी मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मी त्यांना विचारलं, ती विहीर तुम्हाला कुणी शिकवली? त्यांना ती रात्र आठवतही नव्हती. अशा कितीतरी रात्री. मग म्हणाल्या, "कोण शिकवतंय बाई. माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी अडले हुते तवा आईनं असंच बोलत बोलत ठेवलेलं मला. आमच्या हिरीला बावीस पायऱ्या हुत्या."

आता मी शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन बसते. थिएटरमध्ये शीर सापडली तरी हात लगेच सोडत नाही. गाव विचारते, विहीर आहे का विचारते. सगळ्यांच्या गावात आता विहीर नसते, मग घराचा जिना चालतो, देवळाच्या पायऱ्या चालतात. आणि भुलीच्या कागदावर, रकान्यांच्या बाहेर, समासात वेळ घालून लिहिते: ९.४० ला हात धरला. ९.५२ पर्यंत धरून होते. नाडी ११८ वरून ८६.